टॉटनहॅम कोर्ट रोडवरील चांदमारी

इंग्लंडात नवे पिस्तूल घेणाऱ्या गृहस्थाने ते घरी नेण्यापूर्वी झाडून पाहावे, आपल्या मुठीत ते कसे बसते आणि नेम कोणत्या बाजूस ढळतो याची खातरजमा करून घ्यावी, ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चांगलीच रूढ झालेली होती, आणि तिचे मूळ उमरावांच्या द्वंद्वयुद्धात होते. लंडनच्या डेव्हिस स्ट्रीटवर जोसेफ मँटन या नामांकित बंदूक-कारागिराची चांदमारी होती. तेथे लाखोटे चिकटविण्याच्या पिठाच्या पातळ चकत्या लक्ष्य म्हणून लावीत आणि कवी बायरनसारखे हौशी सरदार त्या उडविण्याचा सराव करीत. ज्या समाजात अब्रूचा निवाडा एका गोळीवर व्हावयाचा, त्या समाजात नव्या हत्याराची परीक्षा हे मनोरंजन नव्हते, तो जिवाचा सवाल होता.

पुढे 1844 साली लष्करी नियमांत दुरुस्ती होऊन द्वंद्वाची प्रथा मावळली, पण चांदमारी मावळली नाही. 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने आपली फिरत्या कोठ्यांची पिस्तुले मांडली, दोन वर्षांत टेम्सकाठी पिमलिको येथे कारखानाही घातला, आणि 1857 च्या उठावानंतर तर हिंदुस्थानात रुजू होण्यास निघालेला प्रत्येक इंग्रज अधिकारी कमरेला रिव्हॉल्व्हर असल्यावाचून बोटीवर चढेनासा झाला. सरकार तलवार वा पिस्तूल पुरवीत नसे, ते अधिकाऱ्याने पदरच्या पैशाने घ्यावयाचे. म्हणून बर्मिंगहॅमच्या कारागिरांना आणि लंडनच्या पेढ्यांना आपल्या देशाच्या नावाने मोठे गिऱ्हाईक लाभले. यांतील प्रत्येक नळीची एक परीक्षा दुकानात येण्यापूर्वीच झालेली असे. बर्मिंगहॅममध्ये 1813 च्या कायद्याने स्थापन झालेल्या परीक्षागृहात नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून बार काढीत, आणि नळी फुटली नाही, तिला तडा गेला नाही, तरच तिच्यावर शिक्का उठे. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर कोठ्याकोठ्यावर वेगळा शिक्का असे. तथापि शिक्का सांगे तो लोखंडाचा भरवसा. हाताचा भरवसा देणारे दप्तर कोठेच नव्हते, आणि तो ज्याचा त्याने चांदमारीत जाऊनच मिळवावा लागे.

बोअर युद्धात इंग्रजांची फजिती झाल्यावर नेमबाजी हा नागरिकाचा धर्म आहे असा प्रचार तेथे सुरू झाला. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतीने त्याला पाठबळ दिले, कामगारांसाठी नेमबाजीची मंडळे निघाली, आणि 1908 च्या ऑलिंपिक सामन्यांत पिस्तुलाची स्पर्धा बिझली येथे झाली. अशा वातावरणात पिस्तुलाच्या विक्रीवर निर्बंध होता तो केवळ 1903 च्या कायद्याचा, आणि तोही इतका मऊ की दुकानदाराने गिऱ्हाइकाजवळ बंदुकीचा परवाना आहे एवढे पाहावे म्हणजे झाले. हा परवाना टपालकचेरीत मिळे आणि त्याची वार्षिक फी दहा शिलिंग असे. अर्जदार कोणत्या वर्णाचा, कोणत्या देशाचा, याची चौकशी टपालातील कारकुनाने करावी असे कायद्यात कोठेही नव्हते.

याच बादशाहीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते हे येथे आठवले पाहिजे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत 1878 साली झालेल्या हत्यारबंदीच्या कायद्याने हिंदी रयतेच्या हातातील शस्त्र परवान्यावाचून बेकायदा ठरविले, आणि त्याच कायद्याखालच्या नियमांनी युरोपीय व युरेशियन लोकांना मात्र त्यातून सूट दिली. ज्या महाराष्ट्रात घरोघर तलवार आणि गावोगाव बंदूक होती, तेथे मामलेदाराच्या कचेरीत अर्जविनंत्या करीत खेटे घालण्याची वेळ आली. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठेवलेली ठासणीची बंदूकसुद्धा सरकारदप्तरी नोंदविल्यावाचून बाळगता येईना. राष्ट्रसभेने आपल्या प्रारंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते हिंसेच्या आवडीने नव्हेत. एका राष्ट्राला सबंधच्या सबंध अविश्वासू ठरविण्याचा जो अपमान त्यात होता, तो त्यांना झोंबला होता. माझ्या मते त्या काळच्या सगळ्या जुलमी कायद्यांत मनाला खोल जखम करणारा कायदा हाच होय.

एका राजाच्या या दोन कायद्यांचा अर्थ लंडनच्या एका चांदमारीत 1909 साली जसा उघडा झाला, तसा कोणत्याही विधिमंडळातील भाषणात झाला नसेल. टॉटनहॅम कोर्ट रोडवर 92 क्रमांकाच्या जागेत हेन्री स्टँटन मॉर्ली नावाच्या गृहस्थाची चांदमारी होती. येणाऱ्याजाणाऱ्याने पैसे द्यावेत, गोळ्या झाडाव्यात आणि आपल्या वाटेने जावे, असा तो सरळ धंदा होता. तेथून काही पावलांवर गॉवर स्ट्रीटवर युनिव्हर्सिटी कॉलेज, आणि त्या कॉलेजात अमृतसरच्या एका सुखवस्तू घराण्यातले मदनलाल धिंग्रा इंजिनिअरिंगचा अभ्यास करीत. 26 जानेवारी 1909 रोजी त्यांनी हॉबर्नमधील गॅमेज यांच्या प्रख्यात दुकानात कोल्टचे एक पिस्तूल तीन पौंड पाच शिलिंगांस विकत घेतले. व्यवहार राजरोस, कायद्याच्या चौकटीतला होता.

हे पिस्तूल जुन्या रिव्हॉल्व्हरहून निराळ्या जातीचे होते. त्यात फिरत्या कोठ्या नव्हत्या. मुठीच्या पोकळीत काडतुसांची पेटी सरकवून बसवावी लागे, आणि पहिला बार उडाला की त्याच्याच धक्क्याने वरचे पोलादी सरकते आवरण मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकी, पुढे येताना नवे काडतूस नळीत लोटी, आणि घोडा पुन्हा चढलेला राही. चाप ओढावा तितक्या गोळ्या सुटाव्यात अशी ही रचना. परंतु मूठ सैल पडली, मनगट लवले, तर आवरण पुरते मागे जात नाही आणि काडतूस मध्येच अडकते. म्हणून असल्या हत्याराच्या धन्याला नेमाच्या आधी मूठ शिकावी लागते, आणि ती पुस्तकातून शिकता येत नाही.

मॉर्लीने पुढे न्यायालयात जी साक्ष दिली तिच्यावरून दिसते की धिंग्रा सुमारे तीन महिने आठवड्यातून दोनतीनदा स्वतःचे पिस्तूल घेऊन त्याच्याकडे येत आणि दर खेपेस बारा गोळ्या झाडीत. लक्ष्य अठरा फुटांवर असे. 1 जुलै रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास ते नेहमीप्रमाणे आले, बारा गोळ्या झाडल्या, आणि त्यांतल्या अकरा लक्ष्यावर लागल्या. त्याच रात्री साउथ केन्सिंग्टनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये, नॅशनल इंडियन असोसिएशनच्या मेळाव्यात, त्यांनी भारतमंत्र्यांच्या कचेरीतील सर विल्यम कर्झन वायली यांस अगदी जवळून गोळ्या घातल्या. मध्ये पडलेले डॉक्टर कावस लालकाका हेही त्यांच्या गोळ्यांनी मरण पावले. लालकाकांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्याचा जीव वाचविण्यास धावलेल्या या पारशी गृहस्थाविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे, आणि ही उणीव मला सलते.

23 जुलैला ओल्ड बेलीत लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्यापुढे खटला उभा राहिला आणि एका दिवसात संपला. वकील न देता, या न्यायासनाचा आपल्यावर अधिकारच नाही असे सांगून, धिंग्रांनी शिक्षा ऐकून घेतली, आणि 17 ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांचे अखेरचे निवेदन आपल्या लेखकांनी पुष्कळ वेळा छापले आहे. पण गोळ्यांनी भोके पडलेले ते लक्ष्य, जे पुराव्यादाखल न्यायालयात आले, ते मला त्या निवेदनाइतकेच बोलके वाटते. क्षणिक संतापाने हा माणूस उठला नव्हता. जानेवारीत खरेदी, मग महिनोन्महिने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गोळ्या, आणि अखेरच्या दिवशीही तोच नेम. ज्याला त्याचे कृत्य निंद्य वाटते त्यानेही, आणि ज्याला वंद्य वाटते त्यानेही, हा थंडपणा लक्षात घेतल्यावाचून निकाल देऊ नये.

त्या वर्षी मॉर्लीच्या चांदमारीकडे पोलिसांचे लक्ष आणखी एका कारणाने वळले. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांपैकी दोघी तेथे पिस्तुलाचा सराव करीत असल्याची खबर त्यांच्याकडे आली, आणि पंतप्रधान अॅस्क्विथ यांच्या जिवाला धोका आहे की काय असा घोर सरकारला लागला. ज्यांना मत नाही त्या स्त्रिया आणि ज्याला राज्य नाही तो हिंदी विद्यार्थी, या दोघांच्याही वाटा एकाच सडकेवरच्या एकाच चांदमारीत याव्यात, हे त्या काळच्या लंडनचे यथार्थ चित्र आहे.

आता नाशिककडे वळले पाहिजे. त्याच वर्षाच्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनच्या इंडिया हाउस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील आचारी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस पाठविली असा पुढे सरकारचा आरोप होता, आणि 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडलेले पिस्तूल या विसांपैकीच मानले गेले. ही ब्राउनिंग पिस्तुले बेल्जममध्ये लीएजजवळच्या हर्स्टाल येथे घडविलेली. ज्याच्या नावाने ती ओळखली जात त्या जॉन मोझेस ब्राउनिंगनेच कोल्टच्या स्वयंचलित पिस्तुलांचीही रचना केली होती, म्हणजे साउथ केन्सिंग्टनचे हत्यार आणि नाशिकचे हत्यार एकाच कारागिराच्या बुद्धीची अपत्ये. परंतु नाशिकच्या तरुणांना दहा शिलिंगांचा परवाना नव्हता, गॅमेजचे दुकान नव्हते आणि मॉर्लीही नव्हता. लंडनमध्ये भर वस्तीत पैसे मोजून जे करता येत होते, त्याच गोष्टीसाठी गोदातीरी तुरुंगवास होता. म्हणून येथे हत्याराची परीक्षा चोरून, आडरानात, आणि आवाजाला भिऊनच व्हावयाची. जॅक्सन यांच्या खुनाबद्दल कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

लंडनचा तो मोकळेपणाही फार काळ टिकला नाही. पहिल्या महायुद्धानंतर युरोपभर क्रांतीची धास्ती पसरली आणि पार्लमेंटने 1920 च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्यास पोलिसांचा दाखला आवश्यक केला. टपालकचेरीतील दहा शिलिंगांच्या कागदावर पिस्तूल मिळण्याचे दिवस संपले. आपल्याकडे 1878 चा कायदा स्वराज्यातही काही वर्षे चालू होता. त्याच्या जागी 1959 चा शस्त्र अधिनियम आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्यातील पाचव्या कलमाने हत्यारे घडविण्यास व विकण्यास तर परवाना लागतोच; पण ती तपासण्याच्या आणि बार काढून पारखण्याच्या धंद्यासाठीही तो लागतो.