अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब : परळची चाळ ते केंद्रीय मंत्रिमंडळ

कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आणि डी.एस्सी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या या पदव्या अर्थशास्त्राच्या आहेत. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात मात्र त्यांच्याकडे कायदा खाते आले. अर्थ नाही, नियोजनही नाही. आपल्याकडे ‘घटनाकार’ ही ओळख इतकी मोठी झाली की हा भाग जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकला जातो.

परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत असतानाच, १९१८ मध्ये, ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवून १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. तिथला प्रबंध म्हणजे १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. केन्स यांनी पुरस्कारलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यात सरळ हल्ला आहे. या पद्धतीत सरकारला हवे तितके रुपये काढता येतात, त्यातून महागाई होते आणि तिची झळ गरिबाला बसते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. रुपयाचा दर उतरला की निर्यातदार खूश होतो, पण वस्तूंच्या किमती वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणजे देशाचा फायदा म्हणून जो सांगितला जातो, तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेला असतो. त्या काळी मुंबईच्या गिरणीमालकांना रुपया स्वस्त हवा होता. परळ-लालबागच्या कामगाराचे हित नेमके उलट होते.

१५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली’ असा संदेश दरवर्षी फिरतो. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली, हे खरे. पण बँकेची उभारणी हा त्या पुस्तकाचा विषय नव्हता. चलन काढण्याच्या सत्तेला मर्यादा घाला, हे त्याचे म्हणणे होते. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात हे सारे आहे. फॉरवर्ड करण्यापूर्वी ते उघडून पाहावे. मूळ मांडणी या दाव्यापेक्षा कितीतरी धारदार आहे.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळातल्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर लागत नाही, पण पीक बुडाले तरी शेतकऱ्याला सारा चुकत नाही, हा कसला न्याय? पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी याच काळातली.

एवढा अनुभव असलेल्या माणसाला स्वातंत्र्यानंतर काय मिळाले, ते त्यांनीच १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात सांगितले आहे. कायद्याबरोबर नियोजन खातेही देऊ, असे नेहरूंनी कबूल केले होते. ते खाते उशिरा निघाले आणि निघाले तेव्हा बाबासाहेबांना वगळण्यात आले. आर्थिक बाबींची समिती झाली, तेव्हा आपण मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून तिथे तरी जागा मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तीही फोल ठरली. पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने त्यांना समितीत घेतले. परत आल्यावर फेररचनेत नाव पुन्हा गळले. शेवटी निषेध नोंदवल्यावर ते घातले गेले. राजीनाम्याची चर्चा करताना आपण हिंदू कोड बिलावर थांबतो. ते कारण मोठे होतेच, पण त्याच निवेदनातली ही तक्रारही तितक्याच गांभीर्याने वाचायला हवी.

त्या काळात अर्थखाते षण्मुखम चेट्टी, जॉन मथाई आणि १९५० पासून चिंतामणराव देशमुख यांच्याकडे गेले. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीही मंत्रिपद सोडले. त्यांची योग्यता वादातीत आहे. प्रश्न एवढाच की चलन आणि सार्वजनिक वित्तावर ग्रंथ लिहिलेला माणूस त्याच मंत्रिमंडळात बसलेला असताना आर्थिक निर्णयांच्या टेबलापासून लांब का ठेवला गेला?

खाते मिळाले नाही तरी विषय सुटला नाही. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीचा इतिहास त्यांनी १९२५ च्या ग्रंथात मांडला होता. घटनेच्या कलम २८० ने त्याच प्रश्नासाठी वित्त आयोग आणला आणि पहिला आयोग नोव्हेंबर १९५१ मध्ये, त्यांच्या राजीनाम्यानंतर लगेच, नेमला गेला. महालेखापरीक्षक हा घटनेतला कदाचित सर्वात महत्त्वाचा अधिकारी, असे त्यांनी संविधान सभेत म्हटले होते. आणि १९५३ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने फोर्टमध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले.