स्लाइस (गोल्फ)

स्लाइस हा गोल्फमधील एक सदोष फटका आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूने मारलेला चेंडू हवेत असताना डावीकडून उजवीकडे मोठ्या प्रमाणावर वळला, तर त्या फटक्यास स्लाइस म्हणतात. याच्या उलट दिशेने वळणाऱ्या फटक्यास हुक, तर उजवीकडे किंचित व हेतुपुरस्सर वळवलेल्या फटक्यास फेड असे म्हणतात. स्लाइस हा हौशी खेळाडूंमध्ये अतिशय सामान्य दोष असून तो दूर करण्यासाठी सरावाच्या अनेक कसरती प्रचलित आहेत. या लेखातील दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूच्या संदर्भात दिल्या आहेत. डावखुऱ्या खेळाडूसाठी त्या उलट समजाव्यात.

## परिणाम

स्लाइसमुळे चेंडू उजवीकडील झाडीत, पाण्यात किंवा मैदानाच्या हद्दीबाहेर जाण्याची शक्यता वाढते. चेंडू हद्दीबाहेर गेल्यास सर्वसाधारण नियमानुसार एका फटक्याचा दंड स्वीकारून आधीच्याच जागेवरून पुन्हा फटका मारावा लागतो. शिवाय असा चेंडू अधिक उंच जातो व कमी अंतर कापतो. शेजारच्या फेअरवेवरील व्यक्तींना इजा होण्याचाही धोका असतो. त्यामुळे चेंडू इतरांच्या दिशेने वळताना दिसताच ‘फोर’ अशी आरोळी देण्याचा संकेत आहे.

## भौतिक कारण

क्लबच्या डोक्याचा जो भाग चेंडूवर आदळतो त्यास क्लबफेस म्हणतात. आघाताच्या क्षणी क्लबफेस क्लबच्या मार्गाच्या तुलनेत उजवीकडे उघडा असल्यास चेंडूच्या फिरकीचा अक्ष उजवीकडे कलतो. फिरणाऱ्या चेंडूवर हवेमुळे बाजूला ढकलणारे बल निर्माण होते आणि चेंडू त्या दिशेने वळतो. या घटनेस मॅग्नस परिणाम म्हणतात. एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणातील फिरकीचे महत्त्व दाखवून दिले होते.

चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो व नंतर क्लबफेसच्या दिशेने वळतो, असे पूर्वी अनेक ठिकाणी शिकवले जाई. रडारवर आधारित मापनयंत्रांमुळे हे मत मागे पडले. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः क्लबफेस ठरवतो, तर वळण हे क्लबफेस व मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, मार्ग लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे आणि क्लबफेस २ अंश डावीकडे असल्यास चेंडू किंचित डावीकडे निघून उजवीकडे वळतो. येथे क्लबफेस लक्ष्याच्या डावीकडे असूनही मार्गाच्या तुलनेत तो ४ अंशांनी उघडा असतो.

क्लबफेसच्या तिरपेपणास लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी, साधारणतः ९ ते १२ अंश असल्याने चेंडूला उलटी फिरकी कमी मिळते आणि तेवढ्याच फरकाने फिरकीचा अक्ष अधिक कलतो. त्यामुळे वेज किंवा आखूड आयर्नने सरळ खेळणाऱ्या खेळाडूचाही ड्रायव्हरचा फटका स्लाइस होऊ शकतो. ड्रायव्हरच्या टाचेकडील भागावर, म्हणजे दांड्याच्या बाजूस, चेंडू लागल्यासही उजवीकडील वळण वाढते.

## स्विंगमधील दोष

* सैल वळणाची पकड: येथे पकडीचा जोर नव्हे, तर हातांची ठेवण अभिप्रेत आहे. दोन्ही हात दांड्यावर डावीकडे फिरलेले असल्यास आघाताच्या वेळी क्लबफेस उघडा राहतो.
* बाहेरून आत येणारा मार्ग: खाली येताना खांदे आधी फिरल्यास क्लब लक्ष्यरेषेच्या पलीकडून येऊन डावीकडे कापत जातो.
* चुकीची ठेवण: चेंडू फार पुढे ठेवल्यास किंवा खांदे डावीकडे वळवून उभे राहिल्यास क्लबचा मार्ग डावीकडे जातो.
* डाव्या मनगटाची मागे घडी: स्विंगच्या वरच्या टोकाला डावे मनगट हाताच्या पाठीकडे वाकल्यास क्लबफेस उघडतो.

चेंडू उजवीकडे जातो म्हणून अनेक खेळाडू डावीकडे नेम धरू लागतात. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो. क्लबफेस मात्र लक्ष्याकडेच राहिल्यास दोहोंतील फरक वाढतो आणि वळण अधिक तीव्र होते. ही नैसर्गिक वाटणारी दुरुस्ती हे दोष टिकून राहण्याचे एक प्रमुख कारण आहे.

## निदान

कसरत निवडण्यापूर्वी चेंडूच्या उड्डाणाचे निरीक्षण केले जाते.

* चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळल्यास क्लबचा मार्ग फार डावीकडे असतो. अशा वेळी मार्ग सुधारणाऱ्या कसरती उपयुक्त ठरतात.
* चेंडू सरळ निघून उजवीकडे वळल्यास क्लबफेस जवळजवळ लक्ष्याकडे, परंतु मार्ग डावीकडे असतो. मार्ग सुधारताना क्लबफेसवरही लक्ष ठेवावे लागते.
* चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळल्यास क्लबफेस फार उघडा असतो. येथे पकड व क्लबफेस यांवर आधी काम केले जाते. अशा खेळाडूने केवळ मार्ग उजवीकडे नेला, तर चेंडू लक्ष्यापासून अधिकच दूर सुरू होऊ शकतो.

चेंडू क्लबफेसवर नेमका कोठे लागला हे पाहण्यासाठी त्यावर पावडरचा फवारा मारतात किंवा चिकटपट्टी लावतात. खुणा टाचेकडे आढळल्यास चेंडूपासूनचे अंतर व तोल प्रथम तपासला जातो.

## क्लबफेससाठी कसरती

पकडीची दुरुस्ती: डाव्या हाताच्या मुठीचे दोन ते तीन उंचवटे वरून दिसतील आणि अंगठा व तर्जनी यांमधील खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली राहील, इतके दोन्ही हात उजवीकडे फिरवले जातात. सुरुवातीला ही पकड अवघडल्यासारखी वाटते, म्हणून ती चेंडूविना वारंवार धरून पाहतात.

विलग हात: दोन्ही हातांमध्ये काही सेंटिमीटर अंतर ठेवून संथ अर्धे स्विंग केले जातात. यामुळे उजवा हात डाव्यावरून कसा फिरतो आणि क्लबफेस कसा बंद होतो याची जाणीव होते.

अर्धा स्विंग: दांडा मागे जमिनीला समांतर होईपर्यंत नेऊन पुढेही तेवढाच नेला जातो. दोन्ही टोकांना क्लबच्या डोक्याचे अग्र साधारणतः वरच्या दिशेस आहे का, हे थांबून तपासले जाते.

कमरेच्या उंचीवरील स्विंग: बेसबॉलच्या बॅटप्रमाणे क्लब आडवा फिरवला जातो. त्यामुळे हातांचे फिरणे सहज होते व वरून कापण्याची सवय कमी होते.

## मार्गासाठी कसरती

हेडकव्हर: क्लबचे मऊ आवरण चेंडूच्या पलीकडे व किंचित मागे ठेवले जाते. क्लब बाहेरून आल्यास तो आवरणाला लागतो, त्यामुळे चूक लगेच कळते. या कामासाठी कठीण वस्तू वापरू नये.

मागे घेतलेला पाय: उजवा पाऊल नेहमीपेक्षा सुमारे २० ते ३० सेंटिमीटर मागे घेऊन फटका मारला जातो. या ठेवणीत क्लबला आतून येण्यास जागा मिळते.

पंप: वरच्या टोकापासून हात कमरेपर्यंत खाली आणून पुन्हा वर नेले जातात. असे दोनदा करून तिसऱ्या वेळी चेंडू मारला जातो. हात खाली येताना पाठ लक्ष्याकडेच राहावी, असा प्रयत्न असतो.

जुळवलेले पाय: दोन्ही पाय जवळ ठेवून आखूड आयर्नने हलके फटके मारले जातात. खांद्यांनी झटका दिल्यास तोल जातो, त्यामुळे लय सुधारण्यास मदत होते.

## सरावाचा क्रम

ड्रायव्हरच्या डोक्याचा चेंडूशी संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या काळात जाणीवपूर्वक दुरुस्ती शक्य नसल्याने बदल पकड, ठेवण व खाली येण्याच्या हालचालीतच करावा लागतो. म्हणून कसरती आधी चेंडूविना, मग आखूड आयर्नने कमी वेगात आणि अखेरीस ड्रायव्हरने केल्या जातात. कसरतीचे काही फटके झाल्यावर नेहमीचे काही फटके मारून बदल टिकतो का, हे पाहतात. जमिनीवर काठी ठेवून खांदे व पाय यांची दिशाही तपासली जाते.

काही प्रशिक्षक मुद्दाम हुक मारण्याचा सराव देतात. चेंडू डावीकडे वळू लागल्यास क्लबफेस मार्गाच्या तुलनेत बंद झाल्याचे सिद्ध होते. नंतर हे वळण कमी करत नेले जाते. अन्यथा स्लाइसऐवजी हुकचा दोष जडू शकतो.

## उपकरणे

टाचेकडे अधिक वजन असलेले किंवा अधिक लॉफ्टचे ड्रायव्हर स्लाइसची तीव्रता कमी करू शकतात. आपोआप सरळ राहावा म्हणून असमान खळग्यांचा चेंडूही १९७०च्या दशकात बाजारात आला होता. मात्र गोल्फच्या नियमांनुसार चेंडूची रचना सममित असणे आवश्यक असल्याने असे चेंडू अधिकृत स्पर्धांत चालत नाहीत. उपकरण बदलल्याने क्लबफेस व मार्ग यांतील मूळ फरक नाहीसा होत नाही.