मुंबईची स्तनतपासणी चाचणी

स्तनकर्करोग लवकर ओळखण्यासाठी मॅमोग्राफीऐवजी प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी उपयोगी ठरते का, हे पाहणारे दीर्घकालीन संशोधन. टाटा स्मारक रुग्णालयाने ते १९९८ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या २० विभागांत सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या विभागांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा तपासणी झाली. ती डॉक्टरांनी नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या व खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली, हे या कामाचे खरे मोल.

वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात निदान होण्याचे प्रमाण तपासणी-गटात ३७ टक्के, तर तुलनागटात ४७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्युदर जवळजवळ ३० टक्क्यांनी घटला. सर्व वयोगट एकत्र धरता दिसलेली १५ टक्के घट मात्र सांख्यिकीय कसोटीला उतरली नाही. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना मृत्युदरात लक्षणीय लाभ झाला नाही.

भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय कार्यपद्धतीत हीच तपासणी ३० ते ६५ वयासाठी, पण पाच वर्षांतून एकदा सुचवली आहे. हे अंतर चाचणीतल्याहून बरेच मोठे असल्याने तेवढाच लाभ गृहीत धरणे धोक्याचे आहे. शिवाय गाठ सापडल्यावर निदान लांबले, तर तपासणी वाया जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनकर्करोग उपक्रमात म्हणूनच ६० दिवसांत निदान आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण होणे, ही उद्दिष्टे आहेत.