सेवाकार्यातून सावरणारी मुले : बारामती-इंदापूरच्या संदर्भात

घरातले व्यसन, मारहाण, सुटलेली शाळा किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांमुळे काही मुले वाईट वाटेला लागण्याचा धोका असतो. अशा मुलाला उपदेश भरपूर मिळतो, पण आपली कुणाला तरी गरज आहे, हा अनुभव क्वचितच येतो. सेवाकार्यातून तो मिळू शकतो.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ नुसार बाल न्याय मंडळ विधिसंघर्षग्रस्त बालकाला सामुदायिक सेवेचा किंवा गट-समुपदेशनाचा आदेश देऊ शकते. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे ही सेवा १४ वर्षांवरील मुलांसाठी असते. बागेची देखभाल, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक म्हणून काम ही त्याची उदाहरणे आहेत.

आदेशाशिवाय संधी कोठे?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २४ सप्टेंबर १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिच्यात दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. मात्र शिक्षण सुटलेला मुलगा या योजनेबाहेर राहतो, आणि धोका त्यालाच अधिक असतो.

त्याच्यासाठी गावातलीच कामे उपयोगी पडतात. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि इंदापूर येथे मुक्कामाला असते. वाटेत बेलवडीला गोल रिंगण होते. या काळात वारकऱ्यांना पाणी देणे, पंगतीत वाढणे, पालखी पुढे गेल्यावर तळ स्वच्छ करणे, अशा कामांना खूप हात लागतात. वारी संपल्यावर लावलेल्या झाडांना पाणी घालणे किंवा एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची औषधे आणून देणे, अशी कामे वर्षभर चालू ठेवता येतात.

गुण कशाने येतो?

अमेरिकेतील ‘टीन आउटरीच’ कार्यक्रमाचा ६९५ विद्यार्थ्यांवरील अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंसेवेला वर्गातील चर्चेची जोड मिळालेल्या मुलांमध्ये नापास होण्याचे आणि शाळेतून निलंबित होण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणून नुसते काम पुरेसे नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात :

• काम मुलाला झेपणारे आणि खरोखर गरजेचे असावे.
• दर आठवड्याला तोच विश्वासू मोठा माणूस सोबत असावा.
• काम झाल्यावर ‘कसं वाटलं?’ हे विचारून शांतपणे ऐकून घ्यावे.
• मुलाला इतरांसमोर ‘सुधारलेला’ म्हणून मिरवू नये. विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम ७४ नुसार मनाई आहे.

मर्यादा

सेवा हा उपचाराला पर्याय नाही. मूल सतत उदास असेल, नशा करत असेल किंवा जीव देण्याचे बोलत असेल, तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यावे. टेली-मानस १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ येथे विनामूल्य मदत मिळते.