हापूसच्या बागेत हेरिटेबिलिटी किती?

नेट-सेटच्या तयारीत हेरिटेबिलिटीची व्याख्या तुम्ही पाठ केलीच असेल: एकूण फरकांपैकी जनुकांमुळे पडलेल्या फरकांचा वाटा. यातला ‘फरक’ हा शब्द आपण पटकन गिळून टाकतो आणि पुढे सगळा घोळ तिथूनच होतो.

मालवणकडची एखादी हापूसची बाग घ्या. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नाही, म्हणून पोर्तुगीज काळापासून इकडे कलमं बांधतात. म्हणजे क्वचित होणारे बदल सोडले, तर बागेतली सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती. तरी एका कलमाचा आंबा मोठा, शेजारचा लहान, असं दिसतंच. हा फरक माती, पाणी, वारा, खत यांचा. (खालचा खुंट रायवळ असतो, दर कलमाला वेगळा, त्याचाही थोडा हात असेल. पण काडीबरोबर खुंट जात नाही!) म्हणून मोठ्या आंब्याच्या कलमाची काडी निवडून नवी बाग केली, तरी पदरात काही पडत नाही. त्या बागेत फळाच्या वजनाची हेरिटेबिलिटी शून्याजवळ. जनुकं आहेतच, फक्त ती वेगवेगळी नाहीत.

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी 1903 मध्ये घेवड्यावर नेमकं हेच दाखवलं. एकाच शुद्ध वाणातलं जड बी पेरा की हलकं, पुढच्या पिढीची सरासरी तीच. पुढे 1918 मध्ये फिशर यांनी एकूण विचरणाचे घटक वेगळे काढण्याचं गणित मांडलं. आपल्याकडे विनायक पानसे यांनी इंदूरला कापसावर याच वाटेने काम केलं. कृषीवाल्यांच्या कपाटातलं ‘पानसे-सुखात्मे’ (1954) त्यांचंच.

आता वेंगुर्ल्याला या. हापूसचं जुनं दुखणं म्हणजे साका: बाहेरून आंबा देखणा, कापला की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. बागेतल्या हापूसमध्ये साक्याचं प्रमाण कमीजास्त होतं ते बरंचसं जमिनीच्या उष्णतेमुळे, म्हणून झाडाखाली पालापाचोळा पसरायला सांगतात. पण हापूसमधून हापूस निवडून साका जाणार नव्हता. जनुकांमधला फरक बाहेरूनच आणायला हवा होता. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर केला. त्यातून 1981 मध्ये साका नसलेली ‘रत्ना’ आली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये पातळ कोयीची ‘सिंधू’.

म्हणजे साका एकच. हापूसच्या बागेत विचारलंत तर उत्तर ‘उष्णता’, संकरातून आलेल्या रोपांमध्ये विचारलंत तर ‘जनुकं’. दोन्ही बरोबर. त्यामुळे पेपरमध्ये हेरिटेबिलिटी 0.7 वाचलीत, की आधी नमुना कुठला, ती झाडं कुठे वाढवली, ते शोधा. मुलाखतीतही हे हमखास विचारतात.

बाकी, रत्नाचीही आता कलमंच बांधतात. तिच्या बागेत आकडा पुन्हा शून्याजवळ.