रमाबाई आणि आमची आजी

२०१२-१३ मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' लागायची. रमाबाई रानडे इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्याच बायका टोमणे मारायच्या. ते बघून आमची धुळ्याची आजी जाम चिडायची! आणि जाहिरात लागली की ताईला म्हणायची, "पुण्याला कशाला? जळगावात कॉलेजं नाहीत का?"

पुढे वाचनात आलं, १८७९ मध्ये न्यायमूर्तींची बदली आमच्या धुळ्यालाच झालेली. फडक्यांच्या बंडानंतर सरकारला त्यांचा संशय, टपालसुद्धा तपासायचे. ती पाळत पुढे उठली. घरातली मात्र माया करत करत चालते, म्हणून लवकर उठत नाही. तरी रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं, १९२१ मध्ये बायकांच्या मताधिकारासाठीही झटल्या.

ताई पुण्याला गेलीच. सोबत कळण्याच्या भाकरी आजीनेच बांधून दिल्या.