मार्टिन रिंकार्टची उपकारस्तुती

सुख लाभले असता देवाचे आभार मानावे, ही गोष्ट कोणासही सहज सुचते. तिच्यासाठी धर्माच्या शिकवणीची फारशी गरज नाही. परंतु ज्या घरात अन्नाचा कण नाही आणि ज्या दाराशी मृत्यू उभा आहे, तेथे आभार कशाचे मानावयाचे? ख्रिस्ती धर्माने उपकारस्तुती हा नित्यनेम मानला आहे, आणि नित्यनेम म्हटला की तो दुर्दिनीही चुकवावयाचा नसतो. हा नेम माणसाकडून काय मागतो आणि त्याला काय देतो, हे सतराव्या शतकातील एका जर्मन धर्मोपदेशकाच्या चरित्रावरून चांगले कळते.

'नुन डांकेट' ह्या आरंभीच्या शब्दांनी ओळखले जाणारे त्याचे उपकारस्तोत्र आज देशोदेशींच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गाइले जाते. बाखने ते आपल्या संगीतरचनांत योजिले. मेंडेल्सोननेही 1840 साली आपल्या 'स्तुतिगीत' ह्या कृतीत ते गुंफले. त्याचा भारदस्तपणा पाहून पुष्कळांचा असा समज झाला की, तीस वर्षांचे युद्ध संपविणारा वेस्टफेलियाचा तह 1648 साली झाला, त्या आनंदाच्या भरात हे स्तोत्र रचले गेले असावे. इतिहास निराळे सांगतो. तहाच्या आधीच, 1647 साली, योहान क्र्यूगरच्या बर्लिन येथील गीतसंग्रहात ते छापले गेले होते. आणि त्याची रचना 1636 च्या सुमारास, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना झाली, असे सामान्यतः मानले जाते. कवीने त्यास दिलेले नाव तर अगदीच साधे आहे: 'भोजनसमयीची लहानशी प्रार्थना'.

ह्या नावामागे एक जुनी चाल आहे. मार्टिन ल्यूथरने 1529 साली प्रसिद्ध केलेल्या लघु प्रश्नोत्तरीत कुटुंबप्रमुखांस असे सांगितले होते की, जेवणापूर्वी व जेवणानंतर हात जोडून प्रार्थना करण्यास मुलांना आणि नोकरचाकरांना शिकवावे. पानावर बसल्यावर श्लोक म्हणण्याची रीत ज्या मराठी घरांतून आहे, त्यांना ह्या चालीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

स्तोत्राचा कर्ता मार्टिन रिंकार्ट 1586 साली सॅक्सनीतील आयलेनबुर्ग ह्या गावी एका पिंपे करणाऱ्या कारागिराच्या पोटी जन्मला. लायप्झिग येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून 1617 साली तो आपल्या जन्मगावीच धर्मोपदेशक म्हणून आला. पुढच्याच वर्षी युद्धास तोंड लागले. आयलेनबुर्गला तटबंदी होती. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतील निराश्रित तेथे लोटले आणि त्या दाटीत रोगराई फैलावली. 1637 साली महामारीने कहर केला. मे महिन्यात रिंकार्टची पत्नी गेली. त्याचे सहकारी धर्मोपदेशकही एकामागून एक मेले वा गाव सोडून गेले, आणि काही काळ सगळ्या गावाचे अंत्यसंस्कार एकट्या रिंकार्टवर येऊन पडले. दिवसाला चाळीस-पन्नास प्रेतांवर तो प्रार्थना म्हणे. अशी सुमारे 4,480 माणसे त्याने पुरली, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

महामारीपाठोपाठ दुष्काळ आला. घरच्यांपुरती शिधासामग्री ठेवून बाकीची त्याने दाराशी जमलेल्या उपाशी लोकांना वाटून टाकली; स्वतःच्या मुलांच्या अन्नवस्त्रासाठी पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न गहाण टाकण्याची पाळी त्याच्यावर आली. 1639 साली स्वीडिश सेनाधिकाऱ्याने गावाकडे 30,000 थालर खंडणी मागितली. रिंकार्टने रदबदली केली, ती व्यर्थ गेली. तेव्हा गावकऱ्यांसह त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली. अखेर मागणी 2,000 फ्लोरिनांवर उतरली. एवढे करूनही गावच्या अधिकाऱ्यांनी त्याला त्रासच दिला. उपकारस्तुती ज्याने लिहिली, त्याच्या वाट्याला माणसांची कृतज्ञता फारशी आली नाही.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व स्थितीत उपकार मानण्यास सांगितले आहे. महामारी ही गोड देणगी आहे असे समजावे, असा ह्याचा अर्थ नव्हे. रिंकार्टनेही दुःखावर पांघरूण घातले नाही. त्याच्या स्तोत्राचे दुसरे कडवे संकटातून सोडविण्याची याचनाच करते. ख्रिस्ती परंपरेत ह्या वृत्तीचा उगम फार खोल आहे. ज्या रात्री येशू धरून दिला गेला, त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन देवाचे आभार मानले. म्हणून प्रभुभोजनास 'यूखारिस्त', म्हणजे आभारप्रदर्शन, असे ग्रीक नाव पडले.

संकट कोसळल्यावर कृतज्ञता नव्याने शिकता येत नाही. ती बऱ्या दिवसांत जिभेवर रुळलेली असावी लागते. आयलेनबुर्गच्या उपासमारीत रिंकार्टच्या मेजावर भाकर थोडी होती, आणि तिच्यातलाही वाटा दाराबाहेर जात होता. आपल्या ताटातले आपले नव्हे, ते दिलेले आहे, हे जो रोज म्हणतो, त्याला ते दुसऱ्यास देणे सोपे जाते. तह झाला, आणि त्यानंतर वर्षभराने, 8 डिसेंबर 1649 रोजी, रिंकार्ट त्याच गावी मरण पावला. त्याची ती लहानशी प्रार्थना मात्र त्या तहापेक्षाही दीर्घायुषी ठरली.